हलक्या विमानाचे इंजिन, त्याचा प्रॉपेलर आणि आपली हवा

हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला रत्नागिरीचा फाटा फुटतो. त्या फाट्याने पश्चिमेला गेले की थोड्याच वेळात समुद्राची खारी, दमट हवा लागते. महामार्गानेच पुढे पालीला जाऊन नाणीज-साखरप्याच्या रस्त्याला लागले, तर आंबा घाट चढून माणूस कोल्हापूरला पोहोचतो आणि हवा कोरडी, विरळ होते. मोटार चालवणाऱ्याला हा फरक घामावरून कळतो. एक इंजिन आणि एक प्रॉपेलर असलेल्या चार आसनी विमानाच्या वैमानिकाला मात्र तो धावपट्टीच्या लांबीत मोजावा लागतो. रत्नागिरीची धावपट्टी समुद्राजवळ, कमी उंचीवर आहे; कोल्हापूरची उजळाईवाडीची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. विमान तेच, इंधन तेच, तरी इंजिनाची ताकद दोन्हीकडे वेगळी आणि प्रॉपेलरचा रेटाही वेगळा.

हा फरक किती, हे उड्डाणाआधी आकड्यांत सांगणारी सॉफ्टवेअर गेल्या चाळीस वर्षांत बरीच तयार झाली. त्यांतली अनेक आज कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. ती कशावर उभी आहेत, कुठे भरवशाची आणि कुठे फसवी आहेत, आणि महाराष्ट्रात ती कुणाच्या उपयोगाची, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. गणित पुरेसे पिकलेले आहे. अडते ते त्यात घालायच्या आकड्यांपाशी, आणि त्यांतही आपल्या हवेत मोजलेल्या आकड्यांपाशी.

प्रॉपेलरच्या गणिताला दोन मुळे आहेत. पहिले रँकिन यांनी १८६५ मध्ये जहाजांच्या प्रॉपेलरसाठी मांडले आणि पुढे फ्रूड यांनी वाढवले. त्यात प्रॉपेलर म्हणजे एक पातळ चकती. ती समोरची हवा ओढते आणि मागे वेगाने ढकलते. पात्यांचा आकार, त्यांची संख्या, त्यांचा पीळ यांपैकी काहीच या मांडणीत नसते. तरीही ती फार उपयोगी आहे, कारण दिलेल्या ताकदीतून जास्तीत जास्त किती रेटा निघू शकेल याची कमाल मर्यादा ती सांगते. उदाहरण म्हणून सेसना १७२ एस घेऊ. इंजिन १८० अश्वशक्तीचे, प्रॉपेलरचा व्यास ७६ इंच. प्रमाण हवेत, म्हणजे १५ अंश सेल्सिअस तापमानाला समुद्रसपाटीवर, विमान जागेवर उभे असताना या सूत्राने सुमारे ५१५ किलोग्रॅम वजनाइतका रेटा येतो. प्रत्यक्षातला रेटा याहून बराच कमी असतो. त्याचे एक कारण असे की स्थिर पिचचा, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, प्रॉपेलर विमान उभे असताना इंजिनाला पूर्ण फेरे घेऊच देत नाही. या विमानाचे इंजिन २७०० आरपीएमला पूर्ण ताकद देते, पण उभ्या विमानात पूर्ण थ्रॉटलला ते २३०० ते २४०० वरच थांबते.

दुसरे मूळ म्हणजे पात्याचे तुकडे पाडणे. द्झेविएत्स्की यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली. पाते मुळापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस पट्ट्यांत कापायचे. प्रत्येक पट्टी म्हणजे एक छोटा पंख, तिच्यावर हवा कोणत्या कोनात येते ते काढायचे, त्या कोनाला ती किती उचल आणि किती अडथळा देते ते तक्त्यातून घ्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. पण पट्टीवर येणाऱ्या हवेचा वेग प्रॉपेलरने स्वतःच बदललेला असतो, म्हणून हे गणित चकतीच्या गणिताशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करावे लागते. हाताने ते कंटाळवाणे आहे; संगणकाला क्षणाचे काम. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरचा गाभा हाच.

पात्याच्या टोकाशी हवा मागच्या बाजूने पुढे निसटते आणि रेटा घटतो. त्याची दुरुस्ती १९१९ मध्ये ग्यॉटिंगेनमध्ये बेट्झ आणि प्रांट्ल यांनी दिली. इथे एक मराठी धागा आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले विष्णु माधव घाटगे याच ग्यॉटिंगेनला प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्र शिकवण्याची पायाभरणी त्यांनी केली. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे दोन आसनी विमान आखले गेले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. त्या पिढीने हे काम सरकपट्टी, आलेख आणि छापील तक्ते हाताशी धरून केले. ज्या टोकाच्या दुरुस्तीसाठी आज आपण एक चौकट टिचकवतो, ती दुरुस्ती जिथे जन्मली त्या शाळेतून घाटगे आले होते. आपल्याकडच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकलेले असते, ही मला खरोखर लागणारी गोष्ट आहे.

आता सॉफ्टवेअर. एमआयटीचे मार्क ड्रेला यांचे नाव या क्षेत्रात पुन्हा पुन्हा येते. त्यांचे एक्सफॉइल १९८६ पासूनचे; ते पट्टीच्या छेदाची उचल आणि अडथळा काढून देते, म्हणजे वर म्हटलेले तक्ते तयार करते. एक्सरोटर हे त्यांचेच, संपूर्ण प्रॉपेलरचे. नंतरचे क्यूप्रॉप अधिक नेटके आहे, कारण त्यात प्रॉपेलरबरोबर विजेची मोटरही गणिताचा भाग असते आणि दोघांचा मेळ कुठे बसतो ते उत्तरातच मिळते. जर्मनीचे मार्टिन हेपर्ले यांचे जावाप्रॉप नवशिक्याला सर्वांत सोयीचे: व्यास, फेरे, वेग आणि ताकद दिली की ते पात्याची रुंदी आणि पीळ आखून देते. पोर्तुगालच्या बेइरा इंटीरियर विद्यापीठातून आलेले जेब्लेड याच वळणाचे, पण एक्सफॉइलला पोटात घेऊन चालणारे. नासाचे ओपनव्हीएसपी मुख्यतः विमानाचा आकार आखण्यासाठी; प्रॉपेलर त्यात एक अंग म्हणून येतो. एक्स-प्लेन हा सिम्युलेटर आपल्याकडच्या अनेक मुलांनी घरच्या संगणकावर चालवलेला असतो. त्यातले विमानही पात्याचे तुकडे पाडूनच उडते, हे त्या मुलांना सांगितले तर त्यांचा खेळ आणि अभ्यास यांतले अंतर कमी होईल.

यापुढची पायरी म्हणजे हवेचा संपूर्ण प्रवाह जाळीवर सोडवणे. ओपनफोम आणि एसयू२ ही त्यासाठीची खुली साधने. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमचा प्रसार देशभरच्या कॉलेजांत केला आहे, ही मोठी सोय आहे. पण हलक्या विमानाचा प्रॉपेलर निवडण्यासाठी इतक्या जड साधनाकडे पहिल्याच दिवशी धावू नये असे मला वाटते. रंगीत चित्र सुंदर येते, पण जाळी नीट बसली नाही तर उत्तर साध्या पट्ट्यांच्या गणितापेक्षाही दूर जाते, आणि ते दूर गेले आहे हे चित्रावरून कळत नाही.

पट्ट्यांच्या पद्धतीच्या दुबळ्या जागा ठाऊक असाव्यात. सरळ उड्डाणात, ठरलेल्या वेगाला ती बऱ्यापैकी जवळचे उत्तर देते. विमान उभे असताना किंवा धाव सुरू करताना पात्याचा मोठा भाग स्टॉलच्या, म्हणजे उचल ढासळण्याच्या, काठावर किंवा पलीकडे असतो आणि तक्त्यांतले आकडे तिथे डळमळीत होतात. फिरत्या पात्याच्या मुळाशी स्टॉल उशिरा येतो. हे हिमेल्सकांप यांनी १९४५ च्या सुमारास ग्यॉटिंगेनमध्येच दाखवले होते, आणि सगळी सॉफ्टवेअर ते धरत नाहीत. दुसऱ्या टोकाला वेगाचा प्रश्न. ७६ इंची प्रॉपेलर २७०० आरपीएमला फिरतो तेव्हा पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २७३ मीटर जाते, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८ पट. तिथे छेदाचे गुणधर्म बदलू लागतात आणि साधे तक्ते अपुरे पडतात. शिवाय पात्यांचा नेमका पीळ आणि छेद बनवणाऱ्या कंपन्या सहसा छापत नाहीत. मग प्रॉपेलर टेबलावर ठेवून कोनमापकाने प्रत्येक जागचा कोन स्वतः मोजावा लागतो. एका अंशाची चूक इंजिनाच्या फेऱ्यांत स्पष्ट दिसते.

यावर उतारा म्हणजे मोजलेले आकडे. हार्टमन आणि बियरमन यांनी १९३८ मध्ये नासाच्या आधीच्या नाका या अमेरिकी संस्थेच्या ६४० क्रमांकाच्या अहवालात पूर्ण आकाराच्या दोन, तीन आणि चार पात्यांच्या प्रॉपेलरच्या चाचण्या दिल्या. आजही नवे सॉफ्टवेअर लिहिणारा आपले उत्तर त्या आलेखांवर ठेवून पाहतो. लहान प्रॉपेलरसाठी इलिनॉय विद्यापीठाचा संग्रह आहे. ड्रोन बनवणाऱ्यांचा तो आधार. लहान पात्यावरची हवा मोठ्या पात्यावरच्या हवेपेक्षा वेगळी वागते, त्यामुळे मोठ्याचे आकडे लहानाला लावता येत नाहीत.

इंजिनाची बाजू मला जास्त रंजक वाटते, कारण तिथे कोकणची हवा थेट येऊन भिडते. सर्वांत साधी रीत म्हणजे इंजिन बनवणाऱ्याने दिलेला आलेख आकड्यांत उतरवणे: मॅनिफोल्डचा दाब, आरपीएम आणि उंची दिली की अश्वशक्ती मिळते. आलेख हाती नसेल तर गॅग आणि फरार यांचे १९३४ चे सूत्र कामी येते. हवेची घनता प्रमाण घनतेच्या किती पट आहे तो आकडा १.१३२ ने गुणायचा आणि ०.१३२ वजा करायचे. इंजिनाची ताकद मूळच्या तितक्या पट उरते. वजा होणारा भाग म्हणजे इंजिनाचे स्वतःचे घर्षण. हवा विरळ झाली म्हणून ते घटत नाही, म्हणून ताकद घनतेपेक्षा थोडी अधिक वेगाने घसरते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनाला हे सूत्र लागू नाही. बंगलोरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या हंसा-३ मध्ये टर्बो असलेले रोटॅक्स ९१४ होते. २०२१ मध्ये उडालेल्या हंसा-एनजीमध्ये टर्बो नसलेले, इंधन फवारणारे रोटॅक्स ९१२ आले. दोन्ही विमाने दिसायला जवळची असली तरी त्यांचे गणित वेगवेगळ्या रीतीने करावे लागते.

एप्रिलच्या दुपारी उजळाईवाडीला ३८ अंश तापमान धरू. त्या उंचीचा प्रमाण दाब ९४२ हेक्टोपास्कलच्या आसपास. घनता प्रमाण घनतेच्या ०.८६ पट येते. म्हणजे विमानाच्या दृष्टीने धावपट्टी २,००० फुटांवर नसून ५,००० फुटांवर आहे. सूत्राप्रमाणे १८० अश्वशक्तीतून सुमारे १५२ उरतात. विरळ हवेत प्रॉपेलरलाही पकड कमी, त्यामुळे चकतीच्या गणिताचा आदर्श रेटा ५१५ वरून ४३७ किलोग्रॅमवर येतो. वर, जमीन सोडायला लागणारा खरा वेग जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतो. सगळे एकत्र केले तर जमिनीवरची धाव निदान सदतीस टक्क्यांनी लांबते. चाकांचे घर्षण आणि हवेचा अडथळा धरला की आणखी. बारामतीसारख्या सुमारे तितक्याच उंचीवरच्या धावपट्टीवर शिकणारी मुले हाच हिशेब विमानाच्या पुस्तिकेतल्या तक्त्यांवरून करतात.

रत्नागिरीला घनतेची अडचण कमी, पण तिथे दुसरे काही घडते. मे महिन्यातली ३३ अंशांची सकाळ, दाब १००८ हेक्टोपास्कल, आर्द्रता पंचाहत्तर टक्के. हवेच्या दाबापैकी जवळजवळ ३८ हेक्टोपास्कल निव्वळ पाण्याच्या वाफेचे. प्रॉपेलरला याची फारशी तोशीस नाही. वाफ हलकी असल्याने घनता दीड टक्क्याच्या आत घटते. इंजिनाला मात्र प्राणवायू हवा असतो, आणि वाफेने जितकी जागा अडवली तितका तो कमी आला. आर्द्रता सोडून हिशेब केला तर १८० पैकी १६७ अश्वशक्ती मिळतात. फक्त कोरड्या हवेची घनता धरली तर १६०. कार्ब्युरेटर वाफेलाही हवाच समजून इंधन सोडतो, त्यामुळे मिश्रणात इंधनाचे प्रमाण आणखी वाढते आणि वैमानिकाने ते कमी केले नाही तर नुकसान वाढते. मोटारींच्या इंजिनांच्या चाचणीसाठीचे एसएई जे-१३४९ हे मानक कोरड्या हवेचाच दाब धरते. हलक्या विमानांची साधी सॉफ्टवेअर आणि पुस्तिकांतले तक्ते बहुधा तापमान आणि उंचीवर थांबतात. ज्या देशांत ते बनले तिथे हा फरक किरकोळ असेल. रत्नागिरी, चिपी किंवा जुहूला तो सात अश्वशक्तींचा आहे.

इंजिनाच्या आत शिरून प्रत्येक झडपेतून जाणाऱ्या वायूचे गणित करणारी सॉफ्टवेअरही आहेत: जीटी-पॉवर, एव्हीएल बूस्ट, रिकार्डो वेव्ह. इंजिन नवे घडवायचे असेल तर ती हवीतच, पण त्यांचे व्यावसायिक परवाने महाग असतात आणि तयार इंजिन विकत घेणाऱ्याला त्यांची गरज पडत नाही.

खरी कसोटी दोन्ही बाजू जुळवण्याची. इंजिन एका आरपीएमला जितकी ताकद देते तितकीच प्रॉपेलर खातो, तिथे फेरे स्थिरावतात. प्रॉपेलरची भूक फेऱ्यांच्या घनाने आणि व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणून व्यासात एक-दोन इंचांनीही चित्र बदलते. स्थिर पिचचा प्रॉपेलर म्हणजे आंबा घाट आणि कोल्हापूरचा सपाट रस्ता एकाच गिअरमध्ये कापणे. चढाईला सोयीचा पिच घेतला तर सपाट उड्डाणात इंजिन जास्त फिरते, वेगासाठी घेतला तर धावपट्टी पुरत नाही. ही तडजोड आकड्यांत मांडून दाखवणे हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा उपयोग. एक्सेलच्या तक्त्यात जावाप्रॉपचे निकाल आणि इंजिनाचा आलेख शेजारी ठेवूनही तो साधतो.

महाराष्ट्रात हे काम कुणाला लागते? मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी पाहिले, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगलोरच्या संस्थांबरोबर निशांत या मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे वँकेल इंजिन घडवले, आणि २००९ मध्ये ते लावून निशांत उडाले. आयआयटी मुंबईतून निघालेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज विजेवर चालणारी ड्रोन बनवते. गच्चीवरचा एकटा बांधणारा, सरकारी प्रयोगशाळा आणि खासगी कंपनी यांची साधने एकमेकांपासून फार वेगळी; पण कोणता प्रॉपेलर कोणत्या इंजिनाला जुळेल हा प्रश्न तिघांपुढे सारखाच. चौथा गट सर्वांत मोठा: धुळे, बारामती, गोंदिया, नागपूर इथली प्रशिक्षण केंद्रे. तिथली विमाने रोज उडतात, प्रत्येक उड्डाणाआधी इंजिन तपासले जाते, आणि त्या तपासणीच्या नोंदी सीएसव्हीसारख्या साध्या रूपात हाती आल्या तर संशोधकाला हवे असलेले बरेच काही त्यांत असते.

तीच नोंद थोडी वाढवावी असे मी सुचवेन. उभ्या विमानात, ब्रेक लावून, पूर्ण थ्रॉटलला मिळालेले आरपीएम. प्रकाशावर चालणाऱ्या टॅकोमीटरने, कारण विमानातला काटा पंचवीस-तीस फेरे सहज चुकतो. त्यासोबत दाब, कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरचे तापमान, वाऱ्याची दिशा, आणि प्रॉपेलरच्या पुढच्या कडेची अवस्था. कोकणातल्या पावसात ती कड झिजते आणि झिजलेल्या पात्याला कोऱ्या पात्याचे तक्ते लागू होत नाहीत. रत्नागिरीतल्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनच्या विद्यार्थ्यांना विमान मिळणार नाही हे उघड आहे. पण लहान इंजिन, लाकडी प्रॉपेलर, वजनकाटा आणि भक्कम जाळीची खोली एवढ्यावर चाचणीचा मंच उभा राहतो. एक संच रत्नागिरीला आणि तसाच दुसरा कोल्हापूरला लावला, तर हातखंब्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेची तुलना वर्षभर करता येईल.

त्यातून तपासण्यासारखे एक भाकीत इथेच मांडतो. रत्नागिरीची जानेवारीतली सकाळ, २२ अंश, आर्द्रता साठ टक्के. आणि वर घेतलेली मेमधली सकाळ. तेच विमान, तोच स्थिर पिचचा प्रॉपेलर. आर्द्रता न धरणाऱ्या हिशेबाने उभ्या विमानातले आरपीएम दोन्ही दिवशी जवळजवळ सारखे यावेत. २३५० मध्ये सातेक फेऱ्यांचा फरक. कोरड्या हवेचा हिशेब धरला तर मेमध्ये ते सुमारे सत्तावीस फेऱ्यांनी कमी भरावेत. सात की सत्तावीस, हे चांगल्या टॅकोमीटरने ओळखता येते.